गच्चीवरची खाट

पांढरकवडा,
२८ मे २०२६

प्रिय उर्वशी,

मी बरा आहे, तूही माहेरी फुलसावंगीला बरी असशील. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन लावला की तुझ्यामागे आईंचा आवाज येतो आणि माझी बोलती बंद होते.

ऊन पंचेचाळिसाच्या खाली यायचं नाव घेत नाही. आमच्या वजनकाट्यावर ट्रकवाले आधी पाणी मागतात, मग वजन. तुझ्या तुळशीला रोज पाणी घालतोय, उगाच शंका घेऊ नकोस.

काल रजत अनारशांचा डबा देऊन गेला. तुझा भाऊ एरवी किती बडबड्या, काल पाणीसुद्धा प्यायला नाही. चपला घालताना म्हणाला, "ताईनं विचारलं हाये, भाऊजी, थ्या बाईचं नाव काय. नाव सांगतल्याबिगर येत नाई म्हणते."

मला आधी रागच आला. मग आरशात बघितलं. वर्षभरात दंड भरले, दाढी दाट झाली, दुपारची पेंग गेली. पंचेचाळिशीतला नवरा असा तजेलदार होतो आणि बायकोकडे पाठ करतो, तर बायकोनं दुसरं काय समजावं?

होळीपासून मी गच्चीवर झोपतो. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्धं गाव वर झोपतं, त्याचं कोणाला काही वाटत नाही. माझी सोय झाली. पण मग तू तुझी खाट एकटीनं ओढत वर आणलीस, आणि मी डासांचं निमित्त करून खाली कूलरपुढे जाऊन पडलो. सकाळी तू बॅग भरलीस.

बाई नाही, उर्वशी. इंजेक्शन आहे.

यवतमाळला अशक्तपणाची सुई घ्यायला जातो म्हणून सांगतो ना, ती पुरुषांच्या हार्मोनची आहे. माझ्या रक्तात ते फार कमी निघालं. सुईनं ताकद येईल, मागोमाग मनही येईल, असं मी धरून चाललो होतो. ताकद आली. इच्छा आली नाही. तू जवळ बसलेली मला आवडतेस, तरी आत काही हलत नाही. याची मला फार लाज वाटते. धोंड्याच्या जेवणाला आपल्याला लक्ष्मीनारायणाचा जोडा म्हणून पाटावर बसवतील, आई माझे पाय धुतील, म्हणून मी आलो नाही. काट्यावर काम निघालं ते खोटं होतं.

डॉक्टर म्हणतात, रक्तातला आकडा आता बरोबर आहे, पण नुसत्या आकड्यावर हे चालत नाही. झोप, शुगर, मनातली धास्ती, सगळंच बघावं लागतं. पुढची सुई लवकर द्या म्हटलं तर रागावले. निघताना म्हणाले, "पुढच्या वेळी एकटे येऊ नका." मी मान हलवली आणि पुन्हा एकटाच गेलो.

हे बरं होईलच असं त्यांनी सांगितलं नाही, म्हणून मीही तुला सांगत नाही. मला भीती वाटते. पण तू नकोशी झालीस असं एक दिवसही झालेलं नाही.

पत्र रजतच्या हाती लागू देऊ नकोस. आईंना सांग, अनारसे झाकून ठेवलेत, तू आल्यावर खाईन. पुढच्या सोमवारी यवतमाळला जायचं आहे, माझ्याबरोबर येशील का?

तुझी खाट गच्चीवरच आहे, मी हलवलेली नाही. या खेपेला मी खाली उतरणार नाही.

जसा आहे तसा, तुझाच
प्रफुल्ल