वसुली भेट क्रमांक सात

दिनांक : २८ जुलै २०२५
मुक्काम : अलिबाग

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
दर्यालक्ष्मी सहकारी बँक, मुख्य कार्यालय,
अलिबाग, जि. रायगड.

अर्जदार : किशोरी विनेश पेरेकर, वय ४१, धंदा मासळीविक्री, रा. कोळीवाडा, नागावजवळ, ता. अलिबाग. (नावाआधी सौ. लिहायचे की श्रीमती, हे परिच्छेद ८ वाचून आपणच ठरवावे. अर्जदारांनी ती जागा कोरी ठेवायला सांगितली आहे.)

विषय : अर्जदारांच्या पतअहवालावरील "जाणूनबुजून थकबाकीदार" हा शेरा काढून टाकण्याबाबत, तसेच त्या शेऱ्याला आधार असलेल्या नऊ नोंदींपैकी एक नोंद आहे तशी ठेवण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र दि. १४ जुलै २०२५, त्यासोबतचा वसुली भेटींचा तक्ता व प्रतिज्ञापत्राचा कोरा नमुना.

महोदय,

१. अर्जदार बाईंचे पती श्री. विनेश बाळाजी पेरेकर यांनी होडीच्या इंजिनासाठी २०१६ साली आपल्या बँकेतून कर्ज घेतले. अर्जदार त्यात सहकर्जदार होत्या. दि. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी पहाटे श्री. विनेश एकटेच होडी घेऊन मासेमारीस गेले. तिसऱ्या दिवशी होडी कोर्लईच्या बाजूला तरंगताना मिळाली. जाळे अर्धे ओढलेले होते आणि डब्यातली एक भाकरी खाल्लेली, एक तशीच होती. माणूस मिळाला नाही, तो आजतागायत. पोलीस ठाण्यात बेपत्ता म्हणून नोंद आहे.

२. नवरा गेला, पण हप्ता कुठे जातो? अर्जदारांनी अलिबागच्या बाजारात टोपली घेऊन बसून, गळ्यातले मोडून, दि. २८ मार्च २०२२ रोजी कर्ज पै न पै फेडले. पावती सोबत जोडली आहे. याबाबत बँकेचेही दुमत नाही. दुमत आहे ते त्यानंतरच्या गोष्टीबाबत.

३. अर्जदारांची मुलगी कु. जागृती हिला यंदा पनवेल येथे नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे. फी भरण्याची शेवटची तारीख ८ ऑगस्ट आहे. शैक्षणिक कर्जासाठी दुसऱ्या एका बँकेत गेल्या असता तेथील साहेबांनी संगणकात पाहिले आणि म्हणाले, "ताई, तुमचं सिबिल खराब आहे. तुम्ही पैसे असून बुडवलेत असं दिसतंय." अर्जदारांनी उभ्या जन्मात कुणाचा एक पापलेट उधार ठेवलेला नाही. त्यांच्या मनाला ते फार लागले. त्या बाहेर येऊन पायरीवर बसल्या आणि जागृतीने पाण्याची बाटली पुढे केली तरी त्यांना ती दिसली नाही.

४. शेरा काढावा म्हणून अर्जदारांनी आपल्याकडे जूनमध्ये अर्ज केला. आपले उत्तर असे आले की, कर्जदार श्री. विनेश हे २०१८ ते २०२१ या काळात आपल्या वसुली प्रतिनिधीच्या "संपर्कात होते व भरणा टाळत होते", सबब शेरा योग्य आहे. पुरावा म्हणून नऊ भेटींचा तक्ता जोडला. म्हणजे पोलिसांच्या कागदात माणूस बेपत्ता, आणि बँकेच्या कागदात तो घरी बसून हप्ते चुकवतो! आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी अर्जदारांची गत झाली आहे.

५. आता त्या तक्त्यातील आठ नोंदींचा खुलासा. त्या नोंदी वाचल्यावर चूक कुठे झाली हे अर्ज लिहिणाऱ्याच्या तत्काळ लक्षात आले, कारण तोही याच किनाऱ्यावरचा आहे. आमच्याकडे दर्यावर गेलेल्या माणसाबद्दल कुणी विचारले तर "नाही" म्हणत नाहीत. घरात नाही, गावात नाही, हा शब्दच तोंडातून काढत नाहीत. दर्याने तो ऐकला तर खरा करतो, अशी समजूत आहे. अर्जदारांच्या सासूबाई श्रीमती वेणूबाई, वय ७८, यांचा मुलगा त्यांच्या हिशेबी अजून दर्यावरच आहे. तेव्हा आपला प्रतिनिधी दारात आला की त्या त्याला बसायला फळी द्यायच्या, चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "पोर दर्याला गेलाय, येल. बस जरा." प्रतिनिधीने दर वेळी लिहिले, "कर्जदार कामावर गेला आहे. लवकरच येईल असे आईने सांगितले." प्रतिनिधी खोटे बोलला नाही, म्हातारीही खोटे बोलली नाही. तरी आठ वेळा मिळून एक बेपत्ता माणूस थकबाकीदार ठरला.

६. हे एवढेच असते तर हा अर्ज येथेच संपला असता. परंतु नोंद क्रमांक सात वेगळी आहे. आपल्या सोयीसाठी ती शब्दशः उतरवून घेतली आहे :

"दि. २२/११/२०१९, दुपारी २.४०. कर्जदार स्वतः भेटला. ठिकाण : घरामागे, बोंबील सुकवायच्या बांबूंच्या वलांडीजवळ. जाळे दुरुस्त करत होता. डाव्या अंगठ्याला लाल रिबीन बांधलेली. हप्त्याबाबत विचारले असता, भरती लागली की निघतो, हप्ता भरतो, घरी काही बोलू नका, असे सांगितले."

७. अर्ज लिहिणाऱ्याने ही नोंद बाईंना सहज वाचून दाखवली. हात दाखवून अवलक्षण झाले. बाईंनी तेव्हा जे सांगितले, ते त्यांनी आठ वर्षांत पोलिसांना, सासूला, मुलीला, कुणालाही सांगितलेले नव्हते. ते त्यांच्याच सांगण्यावरून येथे नमूद करीत आहे. १० ऑक्टोबरला संध्याकाळी मासळी साफ करताना श्री. विनेश यांचा डावा अंगठा खोल कापला होता. पहाटे ते म्हणाले, "आज न्हाय जात, हात ठणकतोय." हप्त्याची तारीख दोन दिवसांवर होती. अर्जदार म्हणाल्या, "एवढ्याशा कापल्यानं कोन घरी बसतंय?" फडक्यावर बांधायला दोरा मिळेना, म्हणून त्यांनी जागृतीची शाळेची लाल रिबीन त्या अंगठ्यावर घट्ट बांधून दिली. ते निघून गेले. शाळेत जाताना जागृती रिबिनीसाठी रडली, तेव्हा अर्जदारांनी ती हरवली म्हणून सांगितले. रिबिनीचा उल्लेख बेपत्ताच्या नोंदीत नाही. तो कुठेच नाही. तो फक्त आपल्या बँकेच्या तक्त्यात आहे.

यानंतर अर्जदार बाई दोन दिवस बाजारात बसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या आपल्या त्या वेळच्या वसुली प्रतिनिधीचा शोध घेत न्हावा शेव्याला गेल्या. श्री. पियूष हे सध्या तेथे कंटेनरच्या यार्डात नोकरी करतात. त्यांनी सरळ कबूल केले : "मावशी, खोटं कशाला बोलू. रोजचं पंधरा घरांचं टार्गेट होतं. तुमच्या घरचं मी पुढं पुढं बाईकवर बसूनच लिहायचो, आजी काय बोलणार ते पाठ झालं होतं. पण तो एक दिवस बंदा था वहाँ. मी स्वतः बोललोय त्याच्याशी. रिबीन बघून हसायला आलं, म्हणून तर लिहिलं." अर्जदारांनी विचारले, कपडे ओले होते का? त्यावर श्री. पियूष यांनी जरा आठवून सांगितले की कपड्यांचे लक्षात नाही, पण बसल्या जागेखालची वाळू ओली होती, आणि त्या दिवशी पाऊस नव्हता. मग त्यांनी अर्जदारांच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिले, त्या दिवशी आपण कुणाशी बोललो ते त्यांना समजले असावे, आणि ते हातातला चहा तसाच ठेवून आत निघून गेले.

घरी येऊन अर्जदारांनी सासूबाईंना प्रथमच थेट विचारले. वेणूबाई म्हणाल्या, "मंग मी आठ वर्सं काय सांगतंय?" आणि लसूण सोलत राहिल्या.

८. आता आपल्या कोऱ्या नमुन्याविषयी. आपले म्हणणे असे की, अर्जदारांनी ४ ऑगस्टपूर्वी दोन गोष्टी शपथेवर लिहून द्याव्यात, म्हणजे शेरा निघेल. पहिली, "कर्जदार दि. ११ ऑक्टोबर २०१७ पासून हयात नाहीत." दुसरी, "भेटींच्या सर्व नऊ नोंदी खोट्या आहेत." अर्ज लिहिणारा एकतीस वर्षे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसतो. त्याने बाईंना स्पष्ट सांगितले की डोळे मिटून सही करा, पोरीचे वर्ष वाचवा, कागदाला काय कळते? वकिलांनीही तेच सांगितले. बाईंनी पेन हातात घेतले, ठेवले, पुन्हा घेतले. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, ती वेळ माणसावर कशी येते, हे आम्ही टेबलाच्या अलीकडून पाहिले.

शेवटी बाईंनी जे ठरवले ते असे. पहिले वाक्य त्यांना मान्य आहे. आठ वर्षे त्यांनी कुंकू लावले, पौर्णिमेला नारळ दिला, पण पोरीच्या शिक्षणासाठी त्या हे वाक्य लिहून देतील आणि त्याची जी किंमत कोळीवाड्यात मोजावी लागते तीही मोजतील. पहिल्या सहा आणि शेवटच्या दोन नोंदी खोट्या आहेत, असेही लिहून देतील. परंतु सातवी नोंद खोटी आहे असे त्या लिहून देणार नाहीत.

माणूस हयातही नाही आणि दोन वर्षांनी आपल्या प्रतिनिधीला भेटलाही, या दोन्ही गोष्टी एकाच शपथेवर कशा बसतील, असे आपण विचाराल. अर्ज लिहिणाऱ्यानेही विचारले. अर्जदार म्हणाल्या, "ते तुमचं तुमी बघा, तुलशीरामभाऊ. मी त्याला येकदा घराबाहेर घालवलाय. आता खोटा म्हनून परत घालवू?" म्हणून अर्ज लिहिणाऱ्याने परिच्छेद १० (ब) लिहिला.

९. ही नोंद वाचल्यापासून अर्जदारांना झोप नाही, पण भीतीने नाही. ते आले, याने त्या घाबरलेल्या नाहीत. इतक्या लांबून येऊनही माणसाच्या डोक्यात हप्ताच होता, बायकोला कळू नये म्हणून तो वलांडीमागे बसून जाळे शिवत होता आणि पुन्हा भरतीबरोबर निघून गेला, हे त्यांना सहन होत नाही. ते आत आले असते. बारा पावलांवर दार होते. हप्ता नव्हता म्हणून आले नाहीत, अशी अर्जदारांची खात्री झाली आहे. कर्ज त्यानंतर सव्वादोन वर्षांनी फिटले, पण ते त्यांना कुणी सांगितले? बँकेने नाही. सासूबाईंना बँकेचे काही कळत नाही. आणि अर्जदारांना ते कधी दिसलेच नाहीत. ते फक्त आपल्या माणसाला दिसले.

१०. तरी अर्जदारांची हात जोडून विनंती आहे की,

(अ) "जाणूनबुजून थकबाकीदार" हा शेरा अर्जदारांच्या नावावरून ८ ऑगस्टच्या आत काढावा. जाणूनबुजून त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट केली, ती परिच्छेद ७ मध्ये आली आहे, आणि तिची वसुली बँकेच्या अधिकारात येत नाही.

(ब) प्रतिज्ञापत्राच्या नमुन्यात "सर्व नऊ" ऐवजी "क्रमांक सात सोडून आठ" अशी दुरुस्ती करून मिळावी. नोंद क्रमांक सात आपल्या दप्तरी कायम राहावी. तिची सही-शिक्क्याची एक नक्कल अर्जदारांना द्यावी.

(क) कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला अर्जदारांच्या नावे दिला आहे. तसाच एक श्री. विनेश बाळाजी पेरेकर यांच्या नावानेही काढावा, आणि आमच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या आपल्या प्रत्येक वसुली प्रतिनिधीच्या बॅगेत त्याची प्रत ठेवावी. ओहोटीच्या वेळी, वलांडीच्या मागे, डाव्या अंगठ्याला लाल रिबीन बांधलेला माणूस कुणालाही भेटला, तर त्याला हप्ता विचारू नये. दाखला हातात द्यावा आणि एवढेच सांगावे की हप्ता फिटला, हात बरा होईपर्यंत कुठे जायचे नाही, किशोरीने घरी बोलावले आहे.

कळावे,

जिच्याकडे बँकेचे आता काही येणे नाही, अशी आपली नम्र खातेदार,

(सही) किशोरी विनेश पेरेकर

सोबत :
१. कर्जफेडीची पावती, दि. २८ मार्च २०२२
२. बेपत्ता नोंदीची प्रत
३. नर्सिंग प्रवेशाचे पत्र
४. वसुली भेटींचा तक्ता (नोंद सात भोवती पेन्सिलीने खूण केली आहे, ती अर्जदारांची)
५. लाल रिबीन, त्याच जोडीतली दुसरी, पाहून परत करण्याच्या बोलीवर

लिहिणार : तुळशीराम गणराज म्हात्रे, अर्जलेखक, अलिबाग. अर्ज अर्जदारांच्या सांगण्यावरून लिहिला, वाचून दाखवला, बरोबर असल्याचे त्यांनी कबूल केले. कलम १० (क) त्यांनी दोनदा वाचून घेतले. दुसऱ्यांदा, समुद्राच्या बाजूची खिडकी उघडून, मोठ्याने वाचायला सांगितले. त्याप्रमाणे वाचले.