छत्रीची पेटी

आर्णी, ५ फेब्रुवारी १९६२

चि. खैरुनबीस, जलालचा सलाम व दुवा. वि. वि.

भीमसिंगच्या गाडीत पाठवलेलं सामान माझ्या हातचं आहे, ते असं: सरावाची सागवानी पेटी, एकच, फुलीचे शिक्के सहा, मुठी शिसवाच्या, शाईची गादी, पत्र्याच्या डबीत बसवलेली, आणि मतपत्रिकेसारखी रंगवलेली फळी. तिच्यावर रहेमान दुल्हेभाईंच्या पक्षाची छत्री आणि सरकारपक्षाचं चित्र, एकाखाली एक. करवतीपासून रंगापर्यंत दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही.

दुल्हेभाईंना नीट समजाव. सत्तावन्नमध्ये ज्याची त्याची पेटी वेगळी होती. आपल्या चित्राच्या पेटीत कागद टाकला की झालं. यंदा पेटी सगळ्यांची एकच. कागदावरच्या छत्रीपुढं फुली उमटली तरच मत. सत्तावन्नला सरावासाठी मी केलेली छत्रीची पेटी तुमच्या माळ्यावर आहे, ती काढायची नाही. उमेदवारानं मेव्हण्याचं ऐकू नये असं कायद्यात कुठं नाही, हेही सांग.

ईदला दोघं या. आमदारीणबाईंसाठी नवा पाट केला आहे. तुझी भावजय हुस्नाबी आतापासूनच शेवया करून राह्यली.

भावावर जीव असू दे.
जलाल

मुकुटबन, २८ फेब्रुवारी १९६२

भाईंना खैरुनचा सलाम. वि. वि.

आपण पडलो. पेपरात वाचलंच असेल.

तुमचं सामान गावात, बाजारात फिरलं. कोलामांच्या पोडांवर, रानातल्या त्यांच्या वस्त्यांवर, जायले दुसरी गाडी निघाली, तिच्यातल्या पोरांनी माळ्यावरची जुनी पेटी उतरवली. मी अडवलं. ते म्हणाले, काकी, फळीकडे कोणी पाहत नाही; ह्या पेटीवरच्या छत्रीवर बाया हात फिरवतात. यांनी मान हलवली. पेटी गेली.

काल पोडावरची मानीबाई भेटली. म्हणे, मत तुमचंच होतं, पण आत छत्रीची पेटी काही दिसेना. एकच होती, बिनचित्राची. मग कोऱ्या कागदाची घडी करून तिच्यातच टाकली. सगळ्या पोडांनी तसंच केलं. आपण जितक्या मतांनी पडलो, त्याहून बाद झालेले कागद जास्त निघाले.

हे रोजा ठेवतात, सोडतात. एकदाच म्हणाले, तुह्या भावानं ती पेटी इतकी चांगली काहून केली. ईदले आर्णीले जायचं नाही म्हणतात. मले रडू येत नाही, भाई. भाकरी थापत राहते.

आठवण ठेवा, एवढंच मागते.
खैरुन

आर्णी, ४ मार्च १९६२

चि. खैरुनबीस दुवा. वि. वि.

पत्र वाचलं आणि रंधा मारत बसलो. फळी पातळ होऊन कामातून गेली तेव्हा समजलं. राग नाही आला. काहीच आलं नाही. दुल्हेभाईंना सांग, मले शिकवणारा कोणी नव्हता, त्यामुळे वाईट काम कसं करतात ते कळलंच नाही.

हुस्नाबीनं शेवया डब्यात भरून ठेवल्या. पाट भिंतीला टेकवला आहे. या, नाही तर तो तसाच राहील.

रुसलात तरी माणसं आमचीच.
जलाल

ता. क. काल वणीहून सरकारपक्षाचे चंद्रशेखरबाबू आले होते. बसण्याआधी त्यांनी खुर्चीचे सांधे पाहिले; माणूस जाणता आहे. म्हणाले, ईद झाली की मुकुटबनात विजयाची मिरवणूक आहे, चौकात सागवानी कमान पाहिजे, आणि पोडावर ती पेटी पाहिल्यापासून दुसरा सुतार मनात भरत नाही. चौक म्हणजे तुमच्या दारासमोरचाच. मी नाही म्हटलं. लाकूड त्यांचं, मजुरी पाचशे एक रुपये देत होते.