एकोणीस दिवसांची यादी

॥ श्री ॥
जुईनगर
२८ एप्रिल १९९७

चि. शहाजी यास आप्पामामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं बिऱ्हाड तळोज्याला, माझं जुईनगरला. मध्ये अर्ध्या तासाचा रस्ता, आणि मामाने भाच्याला पत्र लिहायचं! फेब्रुवारीपासून तीनदा येऊन गेलो. तिन्ही वेळा सुचिताने चहा दिला आणि तू ड्युटीवर. तू पोलिसात भरती झालास की परदेशी गेलास, हेच कळेनासं झालंय. मामी म्हणते, पुढच्या वेळी एखादी चोरी करून बघा, म्हणजे तरी भेटेल.

आता रागाची गोष्ट. आमच्या सोसायटीत मासळी घेऊन येणारी वेणूबाई तुला आठवत असेल, तुझ्या बारशाला जेवल्यासारखी तुझ्या लग्नात मिरवत होती ती. तीन तारखेला सकाळी टाकीच्या चौकात रस्ता ओलांडताना तिला रसायनाच्या टँकरने उडवलं. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. टँकर पसार. चौकातला सिग्नल मार्चपासून बंद आहे. हवालदारासाठी छत्री लावलेली आहे, तिच्याखाली कुत्रं झोपतं. हवालदार मात्र औषधालाही नाही.

मी बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात लोकांची हजेरी घेतली आहे. गप्प बसणारा माणूस मी नव्हे. सात तारखेपासून पंचवीसपर्यंत रोज सकाळी आठ ते दहा सायकलच्या दुकानापाशी घडीची खुर्ची टाकून बसलो आणि वहीत लिहीत गेलो. एकोणीस दिवस. एकोणीसही दिवस हवालदार गैरहजर. चौकशी केली तर सांगतात, तिथे माणूस नेमलेला आहे, रजिस्टरला रोज हजर आहे. म्हणजे सरकारचा पगार घ्यायचा आणि कुठेतरी सावलीला पान चघळत बसायचं! आणि त्याच वेळी वाशी स्टेशनाबाहेर जाऊन बघ, एकेका स्कूटरला तुमचे चौघे चौघे घेरून उभे. स्कूटरने कुणाचा पाय तुटलाय?

सगळी यादी तारीखवार करून पेपरला पाठवली, एक प्रत तुमच्या वरच्या साहेबांना. तो हवालदार घरी बसेपर्यंत मी पाठपुरावा सोडणार नाही.

सौ. सुचितास आशीर्वाद, केयूरला गोड पापा. लोभ आहेच, भेटीचं मात्र तुझ्या साहेबांना विचारून कळव.

तुझा
आप्पामामा


तळोजा
४ मे १९९७

ती. आप्पामामांस शहाजीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वेणूबाईंचं वाचून दोन घास कमी गेले. मामा, यादी पाठवण्याआधी एकदा मला दाखवली असतीत तर बरं झालं असतं. असो. पाठवली ती पाठवली.

तुम्ही चिडलात ते बरोबरच आहे. पण आमच्याकडचंही थोडं ऐका. आमच्या शाखेला मंजूर माणसं चाळीस, प्रत्यक्षात आहोत सतरा. त्यातले चार साहेबलोकांच्या घरी आणि ऑफिसात. उरलेल्या तेरा जणांनी एवढं शहर सांभाळायचं, आणि वर रोज माणशी वीस पावत्या फाडायच्या. टँकर अडवला तर कागद बघण्यात अर्धा तास जातो, मग कुठून तरी फोन येतो आणि तो सोडावा लागतो. स्कूटरवाला दोन मिनिटांत दंड भरतो, आणि त्याच्यासाठी फोन करणारं कुणी नसतं. मग वीस पावत्या कुणाच्या होणार, तुम्हीच सांगा.

बारा तासांची ड्युटी पंधरा तासांवर जाते. साप्ताहिक सुट्टी कागदावर आहे. इथल्या कारखान्याच्या गेटवरच्या रखवालदाराला माझ्यापेक्षा जास्त पगार आहे, आणि त्याला रविवार असतो. रडगाणं गात नाही. सांगायचं एवढंच, की तुमच्या चौकातला माणूस पान चघळत बसला नसेलही. आणि मामा, तो हवालदार नसेल, साधा शिपाई असेल. आम्हाला हवालदार फक्त लोकच करतात, खातं करत नाही.

मामींना नमस्कार. राग मनात ठेवू नये, लोभ मात्र भरपूर ठेवावा.

आपला
शहाजी


जुईनगर
१४ मे १९९७

चि. शहाजी यास अनेक आशीर्वाद.

जिंकलो! पेपरात सहा तारखेला माझं पत्र चौकट टाकून छापून आलं, यादीसकट. आज तुमच्या कचेरीतून लेखी उत्तर आलं. जागरूक नागरिक म्हणून माझे आभार मानलेत आणि नेमणुकीच्या ठिकाणी सतत एकोणीस दिवस गैरहजर राहिल्याबद्दल संबंधित कर्मचाऱ्यास निलंबित केल्याचं कळवलंय. मी सोसायटीत पेढे वाटले. इस्पितळात वेणूबाईलाही नेऊन दिला. तिने तो हातातच धरून ठेवला आणि विचारलं, की त्या पोलिसाला पोरंबाळं हायत का. बाई भोळी आहे.

तू त्याची बाजू घेतलीस ते तुझ्या स्वभावाला धरून झालं. पण तुझ्यासारखा राबणारा एकीकडे आणि असले कामचुकार दुसरीकडे, दोघांना एकच पगार, याचाच तर मला संताप येतो. कोण आहे तो, काही कळलं का? कळलं तर नाव लिही. तोंडावर चार शब्द सुनावून येईन.

मामीने तुझ्यासाठी पेढे काढून ठेवलेत. लोभ वाढवायचा असेल तर खराब व्हायच्या आत ये.

तुझा
आप्पामामा


तळोजा
२० मे १९९७

ती. आप्पामामांस सुचिताचा सा. न. वि. वि.

तुमचं पेढ्यांचं पत्र ह्यांनी वाचलं, घडी घातली आणि उशीखाली ठेवलं. मामांना काही कळवायचं नाही, असं मला बजावलं. मी कळवते आहे.

तुम्ही ज्याचं नाव विचारलंत तो माणूस गेले आठ दिवस घरी खाटेवर बसून आहे. टाकीच्या चौकात मार्चपासून ह्यांचीच नेमणूक होती. कागदावर. त्या चौकात ह्यांना एक दिवसही उभं राहू दिलं नाही. सकाळी सहाला हजर झालं की तोंडी हुकूम, आज इकडे जा, आज तिकडे जा. रजिस्टरला मात्र रोज टाकीचा चौक. तुमच्या पत्राचं कात्रण ह्यांच्या फायलीला लावलंय. तुमची यादी हेच आरोपपत्र आहे. तारखासुद्धा त्यांना शोधाव्या लागल्या नाहीत.

मला बोलायचा अधिकार नसेल, पण बोलते. एकोणीस दिवस तुम्ही खुर्ची टाकून बसलात. त्यातल्या एका दिवशी हा माणूस कुठे आहे, असं एकदा तरी विचारायचं होतंत. पान चघळतो, असं कुठून लिहिलंत? केयूर दुपारी विचारतो, बाबा आज घरी कसे. पगार अर्धा झाला. आमचे घरमालक हिरामणशेठ भले माणूस म्हणून भाड्याला थांबलेत, आणि मी साड्यांना फॉल लावायचं काम धरलंय.

सोबत आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं एप्रिलचं पान फाडून पाठवते. दुधाचे खाडे त्यावर लिहितेच, त्याच चौकोनात हे कुठे गेले तेही लिहीत असते. जेवणाचा डबा कुठे पाठवायचा ते कळावं म्हणून हे सकाळी हिरामणशेठकडे फोन करून सांगतात. तुमच्या यादीशेजारी ठेवून वाचा.

मामींना नमस्कार. लोभ असावा असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, आज मनात तो नाही.

सुचिता


॥ श्री ॥
कोरेगाव
१ जून १९९७

चि. आप्पास गोजराक्काचे आशीर्वाद.

आशीर्वाद द्यायचे म्हणून दिले. सूनबाईचं पत्र आलं. तुझ्या लेखणीची खाज लहानपणापासूनची. चौथीत मास्तरांच्या विरुद्ध अर्ज लिहून स्वतःच छडी खाल्लीस, तेव्हा मी हसले होते. आता माझ्या लेकाच्या पोटावर पाय आलाय, आता हसू येत नाही.

ह्यांच्या माघारी शहाजीला तुझ्या हवाली केला तो तू डोळस म्हणून. तुला चौक दिसला, कुत्रं दिसलं, भाचा दिसला नाही होय रे? कोण साहेब, कसली चौकशी, ते मला समजत नाही. तू लिहून बिघडवलंस, तूच लिहून निस्तर. तोवर इकडे तोंड दाखवू नकोस.

माझ्या भावजयीला, वैजयंतीला, आशीर्वाद. तिची काही चूक नाही.

गोजराक्का


जुईनगर
२७ जून १९९७

ती. गोजराक्कास आप्पाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात ठेवूनच चौकशीला गेलो होतो. जे झालं ते सगळं सांगतो.

अक्का, सुचिताने पाठवलेलं पान मी माझ्या यादीशेजारी ठेवलं आणि एकेक तारीख ताडून बघितली. माझ्याकडे जिथे गैरहजर, तिथे तिच्या चौकोनात, वाशी स्टेशन, स्कूटरवाले. एक-दोन नव्हे, अकरा दिवस. पाच दिवस बंदोबस्त. आणि तीन दिवस साहेबांच्या मेव्हणीच्या लग्नात पाहुण्यांच्या गाड्या लावायला! वेणूबाईचा पाय ज्या दिवशी गेला तो चौकोनही बघितला. वाशी स्टेशन, स्कूटरवाले, दूध एक लिटर. राग नक्की कुणावर काढायचा ते समजत नव्हतं. पहिला स्वतःवर काढला. पेढ्याचा डबा कचऱ्यात टाकला.

शहाजीला भेटलो तर तो हात जोडून म्हणाला, की लग्नाचं कुठे काढू नका, नाहीतर नोकरी कायमची जाईल. मी त्याचं ऐकलं. ते तीन दिवस सोडून उरलेल्यांच्या मागे लागलो. आमच्या इमारतीत, शेजारच्या दोन इमारतींत, दार दार फिरून विचारलं, की एप्रिलमध्ये वाशी स्टेशनाबाहेर दंड कुणी भरलाय. लोक हसले. पण आमच्याच मजल्यावरच्या अभिरामच्या स्कूटरच्या डिकीत नऊ तारखेची पावती निघाली, आणखी दोघांकडे सतराची आणि बावीसची. तिन्हींवर आपल्या शहाजीची सही आणि बिल्ल्याचा नंबर. सकाळी नऊच्या सुमाराची वेळ.

चौकशी अधिकाऱ्यांनी मला विचारलं, ही यादी तुमचीच ना. म्हटलं, माझीच, आणि एकूण एक ओळ खरी आहे. मग कॅलेंडरचं पान पुढे केलं. ते म्हणाले, घरातल्या कॅलेंडरला पुरावा म्हणत नाहीत. मी म्हणालो, तुमच्या रजिस्टरपेक्षा यातले दुधाचे खाडे तरी खरे आहेत. ते भडकले. तेव्हा तीन पावत्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, की एक शिपाई एकाच वेळी चौकात आणि स्टेशनाबाहेर हजर कसा, आणि चौकात हजर म्हणून सही कुणी केली. ते पावत्या उलटसुलट करून बघत राहिले.

निकाल आला की कळवतो. तोंड दाखवायला तेव्हाच येईन. तोवर धाकट्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा
आप्पा


जुईनगर
२२ जुलै १९९७

चि. शहाजी यास अनेक आशीर्वाद.

निलंबन उठलं, तू कामावर रुजू झालास, अक्काने मला घरात घेतलं. सगळे म्हणतात, आप्पा, आता शांत व्हा. कसा होऊ? एक वेतनवाढ रोखली आणि सक्त ताकीद दिली, ती कशाबद्दल? चौकात नसल्याबद्दल! ज्याने तुला तिथून हलवलं त्याला ताकीद नाही, ज्याने खोटं रजिस्टर भरलं तो त्याच खुर्चीवर आहे. आणि तुला खरोखरीच टाकीच्या चौकात उभं केलंय. लोक समाधानी आहेत. मला येताजाता थांबवून सांगतात, तुमच्यामुळे हवालदार आला.

मी पुन्हा खुर्ची टाकली आहे. तू बघून न बघितल्यासारखं करतोस ते समजतं मला. दुपारी मी घरी जातो तेव्हा वेणूबाई कुबड्या टेकवून माझ्या खुर्चीत बसते. तिला लिहिता येत नाही, भरधाव जाणाऱ्या टँकरमागे एक खडा टिनाच्या डब्यात टाकते. मी वही उघडली की रागावते. तिचं म्हणणं, पोर उपाशी हाय, आदी त्याला जेवू दे, लिवनं मंग.

अकरा तारखेपासूनची यादी अशी आहे. सकाळी सात ते रात्री नऊ, हजर. बदली माणूस नाही. जेवणाची सुट्टी नाही. लघवीला जायलाही सोय नाही, सायकलवाल्याच्या मागच्या दारातून जातो. तेरा तारखेला रविवार, हजर. सोळा तारखेला अंगात ताप, हजर. अठराला टँकर अडवला, वीस मिनिटांनी सोडला. सुचिताचं जुलैचं पान मागवून घेतलं. अकरापासून प्रत्येक चौकोनात एकच शब्द आहे, चौक.

ही यादीही पेपरला जायला हवी, असं मला रात्रंदिवस वाटतं. पण या वेळी तुला विचारल्याशिवाय पाकीट चिकटवणार नाही. तू नको म्हणालास तर वही मिटून ठेवीन. एकदा तुझं घर मोडता मोडता राहिलंय.

लोभ कर, असं मागायला तोंड नाही. तब्येत सांभाळ.

आप्पामामा


तळोजा
२६ जुलै १९९७

ती. आप्पामामांस शि. सा. न. वि. वि.

कार्ड घाईत लिहितोय, पाच मिनिटांत निघायचं आहे.

दोन दिवस विचार केला. सुचिताशी बोललो. परिणाम काय होऊ शकतात ते आम्हा दोघांनाही माहीत आहेत. तरीही यादी छापायला द्या. एप्रिलमधले लग्नाचे ते तीन दिवसही घाला.

फक्त एक करा. मागच्या यादीत तुम्ही एकोणीस वेळा हवालदार गैरहजर असं लिहिलंत, म्हणून तो कोण हे तुम्हालासुद्धा कळलं नाही. या वेळी प्रत्येक तारखेपुढे माझं नाव लिहा.

मामींना नमस्कार. तुमच्यावरचा लोभ कधी कमी झाला नव्हता, मामा.

आपला
शहाजी