शून्य नंबरच्या ब्रशला वारस

मी, दानेश्वरी शिवलिंगप्पा कोनापुरे, वय ६८, बी.एस्सी., राहणार सोलापूर, हे मृत्युपत्र लिहिते आहे, कारण काल रविवारी माझा मुलगा बसवेश याने माझ्या शून्य नंबरच्या ब्रशने मोबाईलच्या चार्जिंगच्या भोकातली धूळ काढली. मी ओरडले तर म्हणाला, "आई, ब्रशच आहे की. सात रस्त्यावरच्या दुकानातनं दुसरा आणतो." ब्रश वाचला, पण माझ्यामागे काय होणार ते मला तिथेच दिसले. माझी बुद्धी शाबूत आहे, हात स्थिर आहे आणि कोणाचा दबाव नाही. कोणी टाकून बघावाच.

१. राहते घर बसवेशला. घर तो नीट सांभाळतो.

२. बँकेतील ठेव सून चंद्रिकाला. ती तिने नवऱ्याला न विचारता खर्च करावी.

३. बार्शीच्या जुन्या छोट्या रेल्वेची मी केलेली प्रतिकृती, इंजिन व चार डबे, दोघांत मिळून. शेवटच्या डब्यातले अकरा प्रवासी रंगवायचे राहिले आहेत. प्रत्येक जण बोटाच्या पेराएवढा. त्यातल्या एका बाईच्या इरकल लुगड्याचा काठ केसाएवढ्या रेघेने काढायचा आहे, आणि माझी नजर आता तिथे पोचत नाही. गाडी अर्धवट राहता कामा नये. म्हणून पुढचे कलम.

४. शून्य नंबरचा धरून अस्सल केसांचे चार ब्रश. प्रत्येक ब्रश मी दुकानातच पाण्यात बुडवून, झटकून पाहिला. टोक आपोआप जुळले तरच घेतला. दुकानदार चिडायचा. चिडू दे. रंग निम्म्या केसांपर्यंतच घ्यावा. वर केस धरणाऱ्या पत्र्यात शिरला की केस फाकतात. गार पाण्याने व साबणाने धुऊन, बोटांनी टोक जुळवून, आडवा वाळवावा. हे ज्याला जमेल त्याला ब्रश द्यावेत. माझी धाकटी जाऊ महादेवी हिला देऊ नयेत. १९९४ च्या दिवाळीत तिने माझा दोन नंबरचा ब्रश ऑइलपेंटने पणत्या रंगवायला नेला, तो परत आलाच नाही.

ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकील म्हणाले. म्हणून साक्षीला मुद्दाम महादेवीलाच बोलावले. तिने कलम चार वाचले, पेन खाली ठेवले आणि निघून गेली. अर्ध्या तासाने परत आली. हातात तो ब्रश!

"अक्का, त्याच दिवशी रॉकेलनं धुतलावता की. मग साबणानं."

"मग तीस वर्षं दिला का नाहीस?"

"तुमीच म्हणालात, तो ब्रश माझ्या डोळ्यासमोर आणू नकोस. न्हाई आणला."

मी तो पाण्यात बुडवून झटकला. टोक सुईसारखे जुळले! दर दिवाळीला धुऊन, टोकावर कागदाची नळी घालून तिने तो जपला होता. मी शून्य नंबरचा ब्रश तिच्या हाती दिला आणि म्हटले, "काठ काढ." तिने श्वास रोखून लाल रेघ ओढली. मी भिंगातून चार वेळा पाहिली. कुठेही तुटलेली नाही!

५. कलम चारमधील महादेवीविषयीचा मजकूर रद्द. ब्रश तिलाच. पण दहा प्रवासी बाकी आहेत, मी मरेपर्यंत थांबायला वेळ नाही. म्हणून आजच देते. आता या मृत्युपत्राने तिला काहीच मिळत नाही, सबब साक्षीला ती चालते.

सही: दानेश्वरी शि. कोनापुरे

साक्षीदार:
१. महादेवी रुद्रप्पा कोनापुरे, जाऊ
२. पायल हिंदुराव मोहिते, शेजारीण

सोलापूर, १७ फेब्रुवारी २०२५

आज हातोहात दिले-घेतले:
महादेवीस: ब्रश चार, भिंग एक, प्रवासी दहा.
बसवेशला: माझा जुना, फाकलेला ब्रश एक, मोबाईलसाठी.
महादेवीकडून मला: दोन नंबरचा ब्रश एक. टोक शाबूत.