बाणाचा न सापडलेला तुकडा

शनिवार, २ ऑगस्ट १९९७. सकाळी पावणेसहा.
जेवणाच्या टेबलाच्या काचेवर बाण लोळवत होतो. सरळ बाण काचेवरून गुपचूप जातो, वाकलेला टकटकत जातो. सहापैकी चार ठीक. पाचवा किंचित टकटकतो. सहावा साफ वाकलाय. गेल्या शनिवारी भावजींनी डुकरावर सोडला आणि वारुळात घुसला, तो.
बाय, माझी बहीण, आतून ओरडली, "विनू, बाळ आत्ता कुठे झोपलंय!" मग मी काचेवर चादर घातली. चादरीवर काहीच कळत नाही. थांबलो.
भावजी चहा घेऊन आले. "मेहुणेबुवा, हे ॲल्युमिनियम आता पुरे. सगळे कार्बन वापरतात."
सगळे म्हणजे कोण, ते विचारलं नाही.
बाळाचा, रिटाचा, बाप्तिस्मा २४ तारखेला. साठ माणसं. भावजींनी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या अंगणात सगळ्यांना सांगून ठेवलंय, "पोर्क माझ्या हातच्या शिकारीचं." त्यांच्या वसईच्या घरी बाप्तिस्म्याला दारचं डुक्कर कापतात. खाटकाचं आणलं तर लोक हसतात म्हणे. इथे परदेशात, करामा उपनगरात दारी डुक्कर कुठलं? म्हणून केव्हची डुकरं.
केव्हची शहराबाहेर हम्प्टी डूला आंब्याची बाग. रानडुकरं मुळं उकरतात, पाण्याचे पाइप फोडतात. दर शनिवारी मी तिथे पाइप जोडायला जातो. त्याची रायफल गेल्या वर्षी नव्या कायद्याने सरकारजमा झाली, शेजारी घरंही आली. क्रॉसबोला, म्हणजे घोडा दाबून बाण सोडायच्या धनुष्याला, आवाज नाही, म्हणून आम्हाला परवानगी.

मंगळवार, ५ ऑगस्ट
बाणांच्या दुकानात तासभर. यापुढे ॲ. म्हणजे ॲल्युमिनियम, का. म्हणजे कार्बन.
ॲ. आठ डॉलरला एक. का. पंधरा. का. हलका, बारीक, काळा. लांबवर सपाट जातो. ॲ. जड, थोडा खाली पडतो, पण आत खोल शिरतो.
दुकानदाराला विचारलं, तुम्ही स्वतः काय वापरता. म्हणाला, रविवारी का., डिसेंबरात ॲ. थट्टा असावी. मग मात्र नीट समजावलं. ॲ. वाकतो आणि वाकलेला दिसतो. का. एकतर सरळ असतो नाहीतर मोडतो, मधलं काही दाखवत नाही. म्हणून दर वेळी सोडण्याआधी हातात वाकवून कानाशी धरायचा. कर्र वाजला की तिथेच मोडून फेकायचा. आणि जनावराच्या आत मोडला तर तेवढा भाग मोठा कापून टाकायचा, कारण त्याच्या सुया होतात.
भावजी मागून, "अरे, बाण घ्यायला आलायस की मुलगी बघायला?"
दुकानदारालाही हसू आलं. त्याला मराठी येत नाही, पण भावजी हसले की लोक हसतात.
माझं मत ॲ. पैसे भावजींचे. तीन का. घेतले.

शनिवार, ९ ऑगस्ट
केव्हकडे सराव. का. खरंच छान जातो. चाळीस पावलांवरून मुठीएवढ्या जागेत तीनही. भावजी लहान मुलासारखे खूश. मीही, खोटं कशाला.
शेवटचा बाण कुंपणाच्या लोखंडी खांबाला घासून गेला. वरून काही नाही. वाकवून कानाशी धरला. एकदा टक् झालं. पुन्हा वाकवला, काही नाही.
"भावजी, हा वाजला."
"बायला सांगून कान तपासून घे. हॉस्पिटलात ओळख आहे आपली."
मोडून टाकायला हवा होता. पंधरा डॉलर. मोडला नाही. त्याच्या मागच्या टोकाजवळ लाल चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे चुकून वापरला जाणार नाही. भावजींना दाखवून गुंडाळली.

शनिवार, १६ ऑगस्ट
मिळालं. तरुण मादी, चरबी कमी.
बागेच्या खालच्या टोकाला, फुटलेल्या पाइपाशी डबकं झालंय, तिथे दिवस मावळताना आली. भावजींनी सोडला. साठेक पावलं पळाली आणि उंच गवतात पडली. आम्ही पोचलो तेव्हा मेली होती. तेवढं बरं झालं.
बाण मोडलेला. मागचा तुकडा गवतात, पुढचा खांद्यात. मधे काळ्या सुया. केव्हने सुरी लावली, बोटाने चाचपलं आणि म्हणाला, "चक द होल शोल्डर, मेट." म्हणजे आख्खा खांदा फेकून द्या. खांदा कापून बाजूला गोणीवर ठेवला. भावजी "येस, येस" म्हणाले.
मी नळावर परात धुवत होतो. घरी येऊन बर्फाची पेटी उघडली तर दोन्ही खांदे आत.
"भावजी, केव्ह म्हणाला होता..."
"मूठभर काढून टाकलंय मी भोवतीचं. केव्ह काय खातो? सॉसेज."
गाडी धुवून येईपर्यंत त्यांनी सगळं बारीक कापून एकत्र केलेलं. म्हणे, मसाला सगळीकडे सारखा लागतो. आइस्क्रीमचे रिकामे डबे भरले. अकरा. फ्रीझरमध्ये.

रविवार, १७ ऑगस्ट
बाणाचे दोन्ही तुकडे काचेवर जोडून ठेवले, शेजारी चांगला बाण. करंगळीच्या एका पेराएवढी लांबी कमी भरते, जराशी जास्तच. सुया वेगळ्या. एवढा तुकडा कुठेतरी आहे. गवतात, नाहीतर डब्यात.
मागच्या तुकड्यावर एक जागा चिकट लागली, तिला गवताचं कुसळ डकलेलं. पट्टीची जागा.
भावजी दाढी करत होते. आरशातून न वळता म्हणाले, "ती लाल पट्टी? मी काढली. बाण जड होतो त्याने."
"वाजलेला बाण होता तो."
"विन्सेंट, साठ माणसांना बोलावलंय. बायला काही बोलू नकोस. तिचे टाके अजून दुखतात."
ते मला विन्सेंट फार कमी वेळा म्हणतात.

सोमवार, १८ ऑगस्ट
बाय बाळाला पाजत होती. सहज विचारल्यासारखं विचारलं, "एक्सरेत कार्बन दिसतो का गं?"
"फारसा नाही. का?"
"काही नाही. दुकानदार म्हणत होता."
ॲ. असता तर निदान तुकडे झाले नसते. वाकला असता, आख्खा निघाला असता. हेच दिवसभर डोक्यात. शिजवून कार्बन विरघळत नाही. दाताखाली आला तर ठीक, नाही आला तर? फादर गबागबा खातात. लहान मुलं तर चावतच नाहीत.
माझ्या व्हिसाच्या हमीचा कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला आहे. माझा या देशातला पुढचा मुक्काम भावजींच्या हमीवर, सही महिनाअखेरपर्यंत व्हायची. मी दहावी नापास, दुसरं कोण हमी देणार? सहीचं विचारावं तर आज नको. तुकड्याचं बोलावं तरीही आज नको.

मंगळवार, १९ ऑगस्ट
भावजी सकाळच्या शिफ्टला गेल्यावर दोन डबे वितळवले. पांढऱ्या परातीत एकेक तुकडा बोटांनी दाबून पाहिला. दोन तास लागले. पहिल्या डब्यात काही नाही. दुसऱ्यात सुई सापडली, म्हणजे तिनेच मला शोधलं. तर्जनीत शिरली.
मोठा तुकडा नाही मिळाला. एका डब्यात सुई आहे म्हणजे बाकी नऊ डब्यांतही असणार.
संध्याकाळी बायने बोट पाहिलं. "हे काय शिरवून घेतलंस?"
"बाण पुसताना."
तिने सुईने उकरून काढलं. नर्सचा हात, दुखलं नाही. पांढऱ्या कापसावर ठेवून दिव्याखाली धरलं. "केवढंसं आहे बघ. आतड्यात गेलं तर भोक पाडील." मग माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "हातमोजे घालत जा," एवढंच म्हणाली आणि कापूस खिशात टाकला. कचऱ्यात नाही, खिशात.

बुधवार, २० ऑगस्ट
बसने कॅज्युअरिनाच्या बाजारात. खाटकाकडून तेरा किलो डुकराचा खांदा, कापून. सहा डॉलर किलो. केव्हने पाइपांच्या कामाचे दिलेले सगळे पैसे संपले. खाटीक म्हणाला, पार्टी? मी म्हटलं, बाप्तिस्मा. त्याने वर दोन हाडं फुकट घातली.
उघडलेले दोन धरून सात डबे रिकामे केले आणि हे भरलं. रानाचं मांस कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात. उद्या गाडी येते. बाय बाळाला घेऊन क्लिनिकला गेली होती.
खाटकाचं मांस फिकट, कडेला पांढरी चरबी. शेजारी ठेवलं तर आंधळाही ओळखेल.
चार डबे राहिले. पैसे नाहीत.

शुक्रवार, २२ ऑगस्ट
केव्हच्या घरी फोन केला, कामाचे पैसे आगाऊ देतो का विचारायला. तो कॅथरिन गावाला गेलाय, रविवारी येणार.
चार डबे शोधायला चार-पाच तास हवेत आणि घर रिकामं हवं. आज भावजींना सुट्टी. ते अंगणात दिव्यांच्या माळा लावत होते, मला शिडी धरायला लावली. खूप खूश. वरून म्हणाले, "तुझ्या लग्नातही मीच लावणार, मेहुणेबुवा." त्या वेळी सांगायचं होतं. शिडी धरून उभा राहिलो.

शनिवार, २३ ऑगस्ट
सांगितलं. चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसांसमोर.
दुपारी बाय आणि चर्चच्या फिलोमिना काकू मसाला परतत होत्या. व्हिनेगरचा वास घरभर. भावजी बाळाला घेऊन दारात. बाय म्हणाली, डबे आण. मी सात आणले. तिने एकाचं झाकण उचललं. पाहिलं. झाकण परत लावलं.
"बाकीचे?"
"बाकीचे नको."
"का रे?" काकू म्हणाल्या. "साठ माणसं आहेत, बाबा!"
"त्यात बाणाचा तुकडा असेल. मोडला होता आत."
भावजी लगेच, "काही नाही, मी काढलाय तो. हा उगाच घाबरतो."
"नाही काढला," मी म्हटलं. "पूर्ण भरत नाही तो. मी जोडून पाहिला."
तेल तडतडत होतं. बायने भावजींकडे पाहिलं नाही. माझ्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "सात पुरतात. बटाटे घाला, काकू. आणि मैद्याचे फुगे जास्त तळू." काकूंनी बटाटे सोलायला घेतले.
भावजींनी बाळाला बायकडे दिलं, चार डबे उचलले आणि गाडी घेऊन गेले. रात्री जेवायला आले नाहीत. डबे कुठे टाकले, माहीत नाही.

रविवार, २४ ऑगस्ट
रिटा पाण्याला रडली नाही. फादर म्हणाले, शूर आहे, बापावर गेली.
जेवताना मोठं पातेलं उघडलं. लोक ताटं घेणार तेवढ्यात भावजी पुढे झाले, स्वतःला वाढून घेतलं आणि उभ्याउभ्या एक घास खाल्ला. सावकाश चावला. दुसरा घेतला. मग बाजूला होऊन म्हणाले, "या."
काकूंचे मिस्टर बोटं चाटत म्हणाले, "रानाची चव काही वेगळीच! दुकानाच्याला ही सर नाही." काकूंनी ताटात मान घातली. बाय पाणी आणायला आत गेली.
भावजी म्हणाले, "बाण आमच्या मेहुण्याने निवडले होते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्यामुळे ते कसं म्हणाले हे कळलं नाही.
मुलं खाऊन झोपाळ्यावर गेली. संध्याकाळपर्यंत एकेकाकडे बघत होतो. सगळे ठीक.

मंगळवार, २६ ऑगस्ट
भावजी कालपासून बोलत नाहीत. भांडतही नाहीत. "मीठ दे" म्हणतात.
धुतलेले अकराच्या अकरा डबे ओट्यावर पालथे घातलेत. मी नाही धुतले.
हमीच्या कागदावर सही नाही. चुंबक मात्र हलवलेला दिसतो, आधी डाव्या कोपऱ्यात होता.
केव्हचा फोन, डुकरं परत आलीत, सगळी नवी लाइन फोडली. भावजींनीच उचलला. म्हणाले, शनिवारी येतो. मी की आम्ही, ते इंग्रजीत नीट ऐकू आलं नाही.
संध्याकाळी अंथरूण घालताना उशीखाली शंभर डॉलर. पन्नासच्या दोन नोटा, घडी न घातलेल्या. बायला विचारलं. म्हणाली, मी नाही ठेवले. मग थांबून म्हणाली, "मी त्यांना तुझ्या खर्चाचं काही सांगितलेलं नाही." खाटकाचे असतील तर हिशोब जुळत नाही, जास्त आहेत. बाणांचे असतील तर कुठले आणायचे ते सांगितलं नाही. ॲल्युमिनियमचे बारा येतील. कार्बनचे सहा. घर सोडून जा असं असेल, तर दूर ॲलिस स्प्रिंग्जला जाणाऱ्या बसचं तिकीटही येईल बहुतेक.

खर्च:
खाटीक ७८ डॉ.
बस, जाऊन येऊन ४ डॉ.
केव्हला फोन ४० सें.
देणं:
मोडलेला का., भावजींचा १५ डॉ.
जमा:
उशीखालचे १०० डॉ. खोडले. पुन्हा लिहिले. सध्या दोन्ही रकान्यांच्या मधे ठेवले आहेत.