दाराबाहेर ऐकलेलं

प्रिय त्रोफिमस,

तुझा निरोप मिळाला. इफिसलाही लोक तुझं ऐकून घेत नाहीत म्हणून खट्टू झालायस. वाचून हसू आलं. इथे स्मुर्णाच्या चौकात तू तुझ्या नव्या देवाबद्दल घसा फोडून बोलायचास, तेव्हा मी तरी कुठे ऐकलं? मासळीवाल्या म्हणायच्या, "मेलिता, भावाला घरी ने गं, गिऱ्हाईक पळतंय." मी मान खाली घालून अंजीर निवडत बसायचे.

साथ आली आणि शहर ओस पडलं. हर्मियास तापाने फणफणला, तर त्याच्या सख्ख्या आईने आमचा उंबरा ओलांडला नाही. आली ती शेजारची अम्मिया, तुमच्या पंथातली. जिला मी कधी धड हाकही मारली नव्हती, त्या म्हातारीने माझ्या नवऱ्याचं अंग पुसलं, ओकाऱ्या साफ केल्या. मी म्हटलं, "आता तुझ्या देवाचं सांगशील ना?" ती म्हणाली, "आधी पाणी तापव, बाई." हर्मियास वाचला. कालवणात मीठ कमी म्हणून कुरकुरतो आता.

मग अम्मियाच पडली. तुमची मंडळी काही दगावली, काही अंथरुणाला खिळलेली. म्हणून मी तिच्यापाशी बसले. तिला दोन शब्द धड जोडता येत नव्हते, पण मागणं एकच, "ती प्रार्थना म्हण गं." मला कुठून येणार? तिच्याच घरी तुम्ही जमायचात. प्रार्थनेची वेळ झाली की बाप्तिस्मा न झालेल्यांना बाहेर काढायचात, आणि दाराशी तूच उभा. एकदा तुझं जेवण घेऊन आले, तर मलाही अंगणात उभं केलंस. "हे शब्द तुझ्यासाठी नाहीत, ताई." सगळं चौकात ओरडून सांगायचं आणि मरताना लागणारे शब्द मात्र दाराआड. तेव्हा राग आला होता, अजून गेलेला नाही.

काल संध्याकाळी अम्मिया गेली. तू मला अंगणात उभं केलंस त्या दिवशी दाराच्या फटीतून प्रार्थनेतलं एकच वाक्य कानावर पडलं होतं, "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." तिचा हात धरून मी तेवढंच म्हणत राहिले. तिचे ओठ पुढचं म्हणत होते, आवाज फुटत नव्हता, आणि मला पुढचं येत नव्हतं. आज कुंभाराची सून तापली आहे, तीही तुमच्यातलीच. पाणी तापत ठेवलंय, निघतेच आहे. पुढचे शब्द लिहून पाठव. नियम आड येत असेल तर स्वतः ये आणि बाप्तिस्मा दे. ते शब्द आता मला माझ्यासाठीही हवेत.

अजून अंगणातच उभी असलेली,
तुझीच ताई,
मेलिता