लॉकच्या पुढे

अण्णा,

आज सकाळी आम्ही बोट घेऊन निघालो. बर्मिंगहॅमहून कालव्याने खाली लंडनपर्यंत, तिथून थेम्स धरून ऑक्सफर्ड आणि मग दुसऱ्या कालव्याने वळसा घालून परत घरी. अख्खा उन्हाळा यातच जाणार. बोट लांबलचक आणि इतकी अरुंद आहे की आम्ही दोघं समोरासमोर आलो तर एकाला मागे सरावं लागतं. पण गॅस आहे, पलंग आहे, खिडकीत मी कोथिंबीर लावली आहे. तुमच्या जावयाचं हे रिटायर झाल्यापासूनचं वेड. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. तो इल्फर्डला जन्मला, त्याचं मराठी आईच्या ओट्याशी उभं राहून शिकलेलं, त्यामुळे लिंगांचा पार बोजवारा. पहिल्या दिवशी फोनवर मोठ्या आनंदाने म्हणाला, "आपलं बोट आलं!" मी विचारलं, कुठलं, करंगळी की अंगठा? अजून त्याला तो विनोद कळलेला नाही.

मी मात्र एक गोष्ट त्याच्यापासून लपवून निघाले. वर्षभर माझा पाय पुन्हा ढिला पडत चाललाय. लहानपणी पोलिओ झालेल्यांना उतारवयात असं होतं म्हणे. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी छान समजावून सांगितलं, जपून वापरा म्हणाल्या. घरी येऊन मी "ऑल फाइन" एवढंच सांगितलं. खरं सांगितलं असतं तर त्याने त्याच संध्याकाळी हा सगळा बेत गुंडाळून ठेवला असता, आणि वर स्वतःला काहीच वाटलं नाही असं हसून दाखवलं असतं. ते हसणं मला बघवलं नसतं.

बघा, 'पाय' हा शब्द मी तुम्हाला चक्क लिहिला. आपल्या घरात त्याला बंदी होती. शेजारच्या मावशी एकदा चहाला आल्या होत्या. माझ्याकडे बघून आईला म्हणाल्या, "पोरीचा पाय सुधारला का गं काही?" तुम्ही कप खाली ठेवून म्हणालात, "वहिनी, या घरात तिच्यासमोर तो विषय निघत नाही." एवढं हळू बोललात की मावशींनी बिस्कीट तसंच बशीत ठेवलं. आईसुद्धा सांभाळून बोलायची. कुणी पाय मोकळे करायला जायचं नाही, हवा खायला जायचं. कुणाचा पाय घसरायचा नाही, तोल जायचा. पायजम्याला तेवढी सूट होती. पाहुण्यांच्या पाया पडणं तर आपल्यात तसंही नव्हतं, पण त्यामागे बुद्धवंदना होती की माझी लोखंडी पट्ट्यांची बुटं, हे मला लहानपणी नीट उमगलेलं नव्हतं. ती बुटं मात्र तुम्ही दर रविवारी चमकवायचात. दोन्ही सारखीच, ब्रशचे फटकारे मोजून मारल्यासारखे.

मग आपण दोघं हवा खायला याच कालव्यावर. तुमच्या अंगाला आठवडाभराचा कारखान्यातल्या तेलाचा वास असतोच, त्यावर पांढरा शर्ट. मी तुमच्या डाव्या बाजूला. कालव्याकाठच्या वाटेने आपण जातोय, बदकं दिसतात, तुम्ही मला बोटींवर रंगवलेली गुलाबं दाखवताय. पुढे एक पाटी येते. तुम्ही ती मोठ्याने वाचता, "लॉक," आणि म्हणता, "चला, इथून पुढे कुलूप आहे. बंद." आणि आपण वळतो. पुढची वाट उघडी दिसत असायची, माणसं कुत्री घेऊन जात-येत असायची, पण तुम्ही बंद म्हणालात म्हणजे बंद. कितीतरी रविवार माझं जग त्या पाटीपाशी संपायचं.

तुम्ही गेल्यावर आईने मेथी निवडताना सांगितलं. पहिल्या रविवारी तुम्ही खरंच फसला होतात. देशातून नवे आलेले, लॉक म्हणजे कुलूप एवढंच ठाऊक. सोमवारी कारखान्यात कुणीतरी हसून समजावलं, की अरे, लॉक म्हणजे पाण्याची पायरी, दारं लावून बोट खाली-वर करतात. तुम्ही घरी येऊन आईला म्हणालात, "बरं झालं. पोरीला असंच सांगत जाऊ. तिथवर येईपर्यंत ती दमलेली असते आणि कबूल करत नाही." आई हे सांगताना हसली आणि मग पदराने डोळे पुसत राहिली. मला तुमचा अभिमान वाटला, अण्णा. आणि खरं सांगायचं तर तुमचा थोडा रागही आला.

आज ते लॉक आलं. तेच की नाही, देव जाणे; आता तिथे फ्लॅट झालेत आणि पाटी नवी आहे. मी हट्टाने काठावर उतरले. त्याने बोट आत घेतली, मी हँडलसारखी लोखंडी चावी फिरवून पाण्याच्या झडपा उघडल्या, पाणी उतरू लागलं, आणि तो बोटीसकट खाली खाली जात दिसेनासा झाला. मग पुढचं दार उघडायचं. लांब लाकडी दांड्याला पाठ लावायची आणि मागे रेटायचं, जोर सगळा पायातून. मी रेटलं. दार हललं, आणि माझा गुडघाच गेला. मी त्या दांड्याखालीच बसले. खालून आवाज आला, "काय झाला? स्टक आहे का?" मी ओरडले, "काही नाही, एक मिनिट!" पुन्हा उठले, पुन्हा रेटलं, पुन्हा बसले. तो भिंतीतल्या लोखंडी शिडीने वर आला, हातात बोटीची दोरी तशीच. माझ्याकडे बघितलं, शेजारी बसला आणि विचारलं, "खरं सांग. तुझी पाय दुखते का?"

साठ वर्षांच्या आयुष्यात आपल्या माणसाने मला हे पहिल्यांदा विचारलं. मी म्हणाले, हो. खूप दुखतो. वर्षभर दुखतोय. आणि मग हुंदके देऊन रडले, कुत्रं फिरवणाऱ्या एक बाई थांबून "यू ऑलराइट, लव्ह?" विचारेपर्यंत. त्या बाईंनीच मग दांड्याला पाठ लावून दार रेटायला मदत केली. बेत त्याने गुंडाळला नाही. आता दारं तो रेटणार, मी सुकाणू धरायला शिकणार. आणि ऑक्सफर्ड या उन्हाळ्यात नाही आलं तर पुढच्या.

लॉकच्या खालच्या अंगाला बोट बांधून हे लिहितेय. तो चहा करतोय. लिहून झालं की तुम्हाला कुठे पाठवणार, ठेवीन इथेच उशीखाली. रागाने लिहायला बसले होते, की एकदा तरी विचारायला हवं होतंत, अण्णा, दुखतंय का म्हणून. पण लिहिता लिहिता कळलं. तुम्ही विचारलं असतंत, तर मी नाहीच म्हणाले असते.